खेडेगावातल्या भुयारी गटार योजनेवर पुरातत्त्वीय देखरेख: पहिल्यांदा काम करणाऱ्यांसाठी

पिण्याच्या पाण्याच्या नळाला दाब असतो, त्यामुळे त्याचा चर मीटरभर खोल गेला की काम भागतं. सांडपाणी मात्र उतारानेच वाहतं. म्हणून भुयारी गटाराचा चर वरच्या आळीत कमरेइतका खोल सुरू झाला तरी खालच्या वेशीपर्यंत दोन-तीन मीटरवर जातो. तो प्रत्येक बोळात शिरतो, प्रत्येक उंबऱ्याकडे फाटा देतो आणि गावच्या सर्वांत सखल जागी, ओढ्याच्या किंवा नदीच्या काठी, प्रक्रिया केंद्रापाशी संपतो. पुणे जिल्ह्यात भीमा, घोड, कुकडी, कऱ्हा, मुळा-मुठा यांच्या काठच्या जुन्या गावांत या एकाच चरात दोन जगं येतात: वर गावठाणाची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची राखाडी-पांढरट माती, आणि खाली नदीचा गाळ.

दोन्हीकडे सारखंच लक्ष हवं. नवखे लोक गावठाणात डोळ्यांत तेल घालून उभे राहतात आणि प्रक्रिया केंद्राच्या खड्ड्याकडे फिरकतही नाहीत. पण शिरूर तालुक्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात जी ताम्रपाषाणयुगीन वस्ती खणून काढली, ती घोड नदीच्या काठीच. माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे तिचे मडक्यांच्या शैलीवरून ओळखले जाणारे टप्पे, साधारण इ.स.पू. 1600 ते 700. त्याहून कितीतरी जुनी दगडी हत्यारं जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरीला आणि बारामती तालुक्यात कऱ्हाकाठच्या मोरगावला मिळाली, ज्वालामुखीच्या राखेचा थर असलेल्या गाळात. प्रक्रिया केंद्राला जशी जागा लागते, तशीच जागा प्राचीन माणसालाही लागत होती.

देखरेख म्हणजे काय, आणि काय नाही

देखरेख करणारा माणूस यंत्राने उघडं पाडलेलं पाहतो, टिपतो, मोजतो आणि गरज पडली तर काम थांबवायला सांगतो. तो चर रुंद करत नाही, "अजून थोडं खोदून बघू" म्हणत नाही. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते आणि ती तुमच्या हातातल्या करणीला आपोआप मिळत नाही. चरात भिंतीचा कोपरा दिसला आणि उरलेली भिंत शेजारच्या घराखाली गेली असेल, तर तुमचं काम चराच्या रुंदीपुरतंच. हा संयम पहिल्याच दिवशी अंगी बाणवावा लागतो.

प्रत्येक गावाच्या गटार योजनेवर पुरातत्त्वज्ञ असलाच पाहिजे असा सरसकट नियम आपल्याकडे नाही. देखरेख होते ती तीन कारणांनी: जवळ संरक्षित स्मारक आहे म्हणून, पैसा देणाऱ्या संस्थेची तशी अट आहे म्हणून (जागतिक बँकेच्या प्रकल्पांत अचानक सापडणाऱ्या अवशेषांसाठी लेखी कार्यपद्धती ठेवावी लागते), किंवा ग्रामपंचायतीला आणि स्थानिक अभ्यासकांना ती हवी असते म्हणून. तिसऱ्या प्रकारात तुमच्यामागे कायद्याचं बळ कमी, त्यामुळे लेखी करारावर भर जास्त.

कायद्याचं एवढं तरी पाठ हवं. 1958 च्या केंद्रीय प्राचीन स्मारक कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे 200 मीटर विनियमित क्षेत्र. यातली एक खोच फार थोड्यांना माहीत असते. त्या कायद्यातल्या 'बांधकाम' या शब्दाच्या व्याख्येतून गटारं आणि सांडपाण्याची कामं वगळलेली आहेत. ठेकेदाराचा माणूस हे वाक्य बोटाने दाखवून "आम्हाला काही लागू नाही" म्हणेल. पण स्मारकाच्या संरक्षित हद्दीच्या आतल्या खोदकामाचं बंधन वेगळं आहे आणि ते कायम आहे. शिवाय पंपघर किंवा केंद्राची इमारत गटारात मोडते का, हा वाद नंतर घालण्यापेक्षा आधीच सर्वेक्षणाच्या कार्यालयाला नकाशासह पत्र द्यावं. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा 1960 चा कायदा आहे आणि त्याचा पत्रव्यवहार पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाशी करायचा.

1878 चा निखात निधी कायदा आजही चालू आहे. जमिनीत लपवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किंमत, जागा, तारीख. न कळवणं हा गुन्हा आहे. आणि 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू, नाणी, शिल्पं परवान्याविना विकता येत नाहीत. 2021 साली पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत बांधकामावर मजुरांना सापडलेली 216 सोन्याची नाणी पुढे पोलिसांनी ताब्यात घेतली, ती अशाच न कळवलेल्या सापडीतून.

यंत्र येण्याआधीचे दोन आठवडे

खरं काम इथेच होतं. अभियंत्याकडून तीन कागद मागा: गटाराच्या रेषांचा आराखडा, एल-सेक्शन (रेषेचा लांबीतला उभा छेद) आणि मॅनहोलची यादी. एल-सेक्शन हा तुमचा सर्वांत मोलाचा कागद. प्रत्येक मॅनहोलपाशी तळाची पातळी किती, म्हणजे चर किती खोल जाणार, ते त्यात असतं. त्यावर लाल पेनाने गावातल्या जुन्या जागा चढवा.

त्या जागा शोधायच्या कशा? भूमी अभिलेख कार्यालयातला गावठाणाचा जुना नकाशा आणि स्वामित्व योजनेत ड्रोनने केलेली मोजणी एकमेकांवर ठेवा. गावकूस कुठून गेलं होतं ते बोळांच्या वळणावरूनच कळतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 नकाशे उंचवट्यासाठी उपयोगी. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये गावाचं नाव सापडलं तर तिथली देवळं, बाजार, तटबंदी यांच्या नोंदी मिळतात. मग गावात फिरा. कुंभारआळी आज नावापुरती उरली असेल, पण तिच्याखाली भट्टीची राख असते. मारुतीच्या पाराभोवती लावलेले वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ (गाढवाचं शापचित्र कोरलेला दगड) यांचे फोटो आणि मापं आताच घ्या, कारण खोदकामात यंत्राचा धक्का लागून ते हलतात आणि मग "ते आधी कुठे होते" यावर कुणाचंच एकमत होत नाही. म्हाताऱ्या माणसांना तीन गोष्टी विचारा: पेवं (धान्य साठवायच्या जमिनीतल्या पोकळ्या) कुठे होती, बुजवलेले आड कुठे आहेत, आणि जुन्या वेशीचे दगड कुठे गेले.

पांढरीबद्दल एक इशारा. पांढरीची माती धाब्याच्या घरांवर घालायला आणि शेतात खत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वाहून नेली गेली आहे. शेतात खापरं पसरलेली दिसली म्हणजे तिथे वस्ती होती असं नाही. खापरं फक्त नांगरटीच्या थरात आहेत की त्याखालीही आहेत, हे चरच सांगेल.

या अभ्यासातून चराचे तीन रंग करा. लाल: यंत्राबरोबर सतत माणूस उभा. पिवळा: दर मॅनहोलला आणि दिवसातून तीन-चार फेऱ्या. पांढरा: भरावातला किंवा फोडलेल्या खडकातला चर, दिवसाकाठी एक नजर. गावठाण, गढीचा पायथा आणि नदीकाठचा शेवटचा टप्पा लालच ठेवा.

कागदावर काय घालून घ्यायचं

देखरेख फसते ती बहुधा माहितीच्या अभावाने नाही, तर पैशाच्या भीतीने. जेसीबीचं भाडं तासावर चालतं. यंत्र उभं राहिलं की ठेकेदाराचं नुकसान, म्हणून त्याची माणसं सापडलेलं मातीत परत दाबतात. यावर उपाय एकच: थांबण्याचा खर्च निविदेतच धरायला लावा. निविदा निघून गेली असेल तर निदान बैठकीच्या इतिवृत्तात पुढचं लिहून घ्या.

पंधरा मिनिटांपर्यंत काम थांबवण्याचा अधिकार जागेवरच्या निरीक्षकाला, कुणालाही न विचारता. अर्ध्या दिवसापर्यंत थांबवायचं तर साइट इंजिनिअरच्या संमतीने, आणि तेवढ्या वेळात यंत्र दुसऱ्या आळीत. त्याहून जास्त लागणार असेल तर संबंधित विभागाला लेखी. यातली दुसरी पायरी चालावी म्हणून दुसरी आळी रोज सकाळी मोकळी आणि आखून तयार हवी. ही एक सोय केली की निम्मी भांडणं उद्भवतच नाहीत.

आणखी दोन अटी. लाल टप्प्यात एका यंत्रामागे एक निरीक्षक. दोन यंत्रं दोन बोळांत चालली तर एक माणूस दोन्हीकडे पाहू शकत नाही, मग तो कितीही धावो. आणि निरीक्षकाने सही केल्याशिवाय चर बुजवायचा नाही. पाइप टाकला, पाण्याची चाचणी झाली की संध्याकाळी गावकऱ्यांच्या मोटारसायकली जाव्यात म्हणून भराव पडतो, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही येता तेव्हा छेद, म्हणजे चराच्या बाजूला दिसणारे थर, बघायला नसतो.

सापडलेल्या वस्तूमागे मजुरांना बक्षीस देऊ नका. बक्षीस ठेवलं की दुसऱ्या जागची खापरं तुमच्या चरात उगवू लागतात.

सामान

आठवड्याला एका निरीक्षकाला लागणारं: दोन मीटरचे दोन रेंजिंग रॉड, दहा सेंटिमीटरची फोटोपट्टी, उत्तर दाखवणारा बाण, पाटी आणि खडू, 5 आणि 30 मीटरचे टेप, दोरी, लाइन लेव्हल (दोरीला अडकवून ती आडवी आहे का ते दाखवणारी लहान पाणसळ), खिळे, लहान टोकदार करणी, रंगाचा जाड ब्रश, झाडांवर पाणी मारायचा फवारा, ग्राफ कागद, 2एच पेन्सिली, झिपच्या पिशव्या (लहान 150, मोठ्या 50), जाड कागदाची लेबलं, 5 मिलिमीटरची चाळणी, ॲल्युमिनियम फॉइल, मुन्सेलचा मातीच्या रंगांचा तक्ता. हेल्मेट, चमकणारं जाकीट, जाड तळाचे बूट. हाताच्या जीपीएसवर विसंबू नका. मोकळ्या रानात ते तीन ते पाच मीटर चुकतं, दोन मजली घरांच्या बोळात त्याहून जास्त. देवळाचा कोपरा, मॅनहोलचं झाकण अशा दोन पक्क्या खुणांपासून टेपने माप घ्या आणि दोन्ही मापं लिहा.

खोली रस्त्याच्या पृष्ठभागापासून कधीच मोजू नका. रस्ता आधी खरवडला जातो, नंतर उंच केला जातो. अभियंत्याने डंपी लेव्हलसाठी (पातळी मोजायच्या दुर्बिणीसाठी) जो बेंचमार्क, म्हणजे पातळीची पक्की खूण, धरलाय, बहुधा देवळाचं किंवा शाळेचं जोतं, त्याच्याशी तुमची प्रत्येक पातळी जोडा.

चालकाशी पहिली दहा मिनिटं

सगळ्या योजनेत सर्वांत आधी आणि सर्वांत जवळून माती पाहणारा माणूस म्हणजे जेसीबीचा चालक. त्याला हातात चार खापरं, एक हाडाचा तुकडा, राखेची मूठ देऊन दाखवा. अनेकदा चालक बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशचे असतात, तेव्हा हिंदीत बोला. दोन खुणा ठरवा: मूठ वर म्हणजे थांब, तळहात खाली म्हणजे हळू. बकेटच्या आवाजातला फरक त्याला तुमच्याआधी कळतो. "दगड लागला" आणि "बांधीव दगड लागला" यातलं अंतर चांगल्या चालकाला दांड्यावरच जाणवतं.

आता बकेट. दाताच्या बकेटने चराच्या बाजूंवर उभे ओरखडे उठतात, थर पुसट होतात आणि मडकं दिसेपर्यंत त्याचा चुरा झालेला असतो. रस्त्याचं काँक्रीट ब्रेकरने, त्याखालची खडी दाताच्या बकेटने काढू द्या. मुरमाचा भराव संपून खालची माती लागली की सपाट कडेची बकेट लावायला सांगा. ती नसेल तर गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात दातांवर आडवी लोखंडी पट्टी जोडून मिळते. काही तासांचं काम आहे. लाल टप्प्यात दर फेरीला 10 ते 15 सेंटिमीटरच, आणि यंत्र मागे सरकत जाईल असं, म्हणजे उघडं पडलेलं पुन्हा चाकाखाली येत नाही.

निघालेली माती चराच्या काठावर नको. काठावरचा ढीग चर ढासळवतो आणि तुमची उभं राहायची जागा खातो. बोळात जागा नसतेच, त्यामुळे ती ट्रॉलीने हलते. हलण्याआधी दर पाच मीटरची माती वेगळी पसरायला लावा आणि तिच्यावर चेनेज (रेषेच्या सुरुवातीपासूनचं अंतर) लिहिलेली काठी रोवा. ढीग एकमेकांत मिसळले की त्यातली वस्तू फक्त "गावात सापडली" एवढंच सांगते.

छेद वाचताना

वरून खाली साधारण असं दिसतं: काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक, खडी-मुरूम, जुन्या नळांचे आणि केबलचे चर, मग राखाडी-पांढरट भुसभुशीत पांढरी, तिच्याखाली काळी माती किंवा पिवळसर गाळ, मग मुरूम, शेवटी काळा पाषाण. पांढरी म्हणजे नुसती राख नाही. कोसळलेल्या मातीच्या भिंती, शेण, चुलीची राख, खापरं, गुरांची हाडं यांचे पातळ-जाड पट्टे तिच्यात एकावर एक असतात. सारवलेली जमीन बोटभर जाडीच्या, घट्ट आडव्या रेषेसारखी दिसते. तिच्यावर जळकी तांबूस माती असेल तर चूल.

आधी बाजू साफ करा. करणी वरून खाली, मातीत किंचित घुसवून, लेप न देता ओढायची. लेप बसला की सगळे थर एकाच रंगाचे होतात. मार्च ते मेच्या उन्हात छेद तासाभरात फिका पडतो. फवाऱ्याने हलकं पाणी मारलं की रंग परत उमटतात. फोटो मात्र पूर्ण सावलीत काढा. अर्ध्या छेदावर ऊन, अर्ध्यावर सावली असेल तर पांढरी चादर धरा.

प्रत्येक थराला वरून क्रमांक द्या आणि पाच गोष्टी लिहा: रंग (मुन्सेलप्रमाणे, ओल्या मातीचा), पोत, घट्टपणा, आत काय आहे, खालच्या थराशी सीमा ठळक की पुसट. खड्ड्याला थराचा क्रमांक देऊ नका, स्वतंत्र द्या, आणि तो कोणत्या थरातून खाली खोदला गेला ते शोधा. खड्ड्याचं वय त्याच्या तळावरून नाही, तोंडावरून ठरतं. भरावाचं वय ठरतं त्यातल्या सर्वांत नव्या वस्तूवरून. दहा सुंदर जुनी खापरं आणि एक गुटख्याची पुडी असेल, तर तो थर गुटख्याच्या काळातला आहे.

काळ्या मातीत विशेष सावध राहा. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, वरची खापरं-बांगड्या त्यांत पडतात, पावसाने भेग मिटते आणि दीड मीटर खाली काचेची बांगडी 'जुन्या' थरात बसलेली दिसते. घुशींची बिळंही हेच करतात. वस्तू उभी किंवा तिरकी रुतलेली असेल, भोवतालची माती किंचित मऊ किंवा वेगळ्या रंगाची असेल, तर तिच्यावरून थराचा काळ ठरवू नका.

"मुरूम लागला, संपलं" हा सर्वांत महाग पडणारा समज. खांबांची भोकं, पेवं, राखेचे खड्डे मुरमात कोरलेले असतात आणि तिथे ते सर्वांत स्पष्ट दिसतात. नदीकाठी तर गोट्यांच्या भरड थरातच अश्मयुगीन हत्यारं असतात. चराचा तळ पाहिल्याशिवाय टप्पा सोडू नये. एक पारख मात्र हवी: आपल्या बेसॉल्टमध्ये कॅल्सिडनीचे (गारेसारख्या कठीण दगडाचे) गोळे नैसर्गिकच असतात आणि ब्रेकरने फुटले की त्यांच्या धारदार चिपा उडतात. ताजी, चकचकीत, माती न चिकटलेली कड म्हणजे यंत्राने फोडलेली. जुन्या पात्याची कड मंदावलेली, त्याच्या पाठीवर आधीच्या पात्यांच्या समांतर खुणा असतात.

सगळ्या चराचं रेखाटन करायला जाल तर तिसऱ्या दिवशी मागे पडाल. लहान व्यासाच्या रेषेत मॅनहोल वळणावर आणि साधारण दर 30 मीटरला येतात. त्यांचे खड्डे चरापेक्षा रुंद असतात, चारही बाजू दिसतात. प्रत्येक मॅनहोलचा एक छेद 1:20 प्रमाणात पूर्ण काढा. मधल्या चरात फक्त जिथे थर बदलतो, भिंत येते, खड्डा येतो तिथे थांबा. सरळ आडवी दोरी बांधा, लाइन लेव्हलने तपासा, दर 25 सेंटिमीटरला दोरीपासून वर-खाली मापं घ्या. दहा मीटरच्या महत्त्वाच्या छेदाला दोन माणसांना तासभर लागतो. तेवढा वेळ आधीच मागून ठेवा.

घरजोडणीचे चर विसरू नका. ते यंत्राने नाही, टिकाव-पहारीने, बहुतेक रविवारी आणि तुम्ही नसताना खोदले जातात. वाड्याचं जोतं, अंगणातली फरसबंदी, तुळशीवृंदावनाचा पाया तिथेच कापला जातो. प्लंबरला फोन नंबर द्या आणि "खोदल्यावर पट्टी ठेवून दोन फोटो" एवढंच मागा.

खापरं ओळखायची ती अशी

सगळी खापरं गोळा करायची नाहीत. थरातली, जागेवरची घ्या. ढिगातली फक्त काठ, तळ, तोटी, नक्षी असलेली. तांबूस-नारिंगी अंगावर काळी भौमितिक नक्षी, बारीक मातीचं, वाजवलं तर धातूसारखं खणखणणारं, पोटाला कोन असलेला वाडगा किंवा तोटीचं भांडं असेल तर जोर्वे समजा आणि लगेच थांबा. आत काळं, बाहेर काठाला काळं आणि खाली तांबडं, असं भांडं लोहयुगापासून सातवाहनकाळापर्यंत येतं. लाल चकाकीची भांडी, भोकं आणि खाचा असलेली चपटी कौलं, मोठ्या विटा, शंखाच्या बांगड्या, शिशाची नाणी ही सातवाहन गावाची लक्षणं. जुन्नरचा घाटमार्ग त्या काळात नांदता होता, त्यामुळे जिल्ह्याच्या उत्तरेत ती अपेक्षित धरा. रंगीत काचेच्या बांगड्या, चिलमी, झिलईची आणि निळी-पांढरी चिनी मातीची भांडी, शिवराई (तांब्याचं नाणं) हे मध्ययुग ते पेशवाई.

पुण्याजवळच्या गावांत जमिनीखाली चुनेगच्ची नळ, खापरी नळ किंवा चिरेबंदी नहर लागू शकतो. कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारी पेशवाईतली नहर आणि तिचे उच्छ्वास (हवा खेळण्यासाठी बांधलेली उभी तोंडं) आजही शिल्लक आहेत, आणि 2019 साली स्वारगेटला मेट्रोच्या खोदाईत जुना जलमार्ग उघडा पडला. असं बांधकाम लागलं तर आधी ते कोरडं आहे का ते पाहा. चालू असेल तर ते कुणाच्या तरी हौदाचं किंवा विहिरीचं पाणी आहे.

पेव, सांगाडा, शिलालेख, नाणी

पेव लागलं की सगळ्यांना मागे घ्या. तोंड हातभर आणि आत माणूसभर पसरलेली पोकळी असते. यंत्राच्या वजनाने छत कोसळतं. आतली हवा बंद असते, माणूस उतरला तर गुदमरतो. टेपला वजन बांधून खोली मोजा, काठीला मोबाइल आणि टॉर्च बांधून आतले फोटो घ्या, तोंडाची पातळी लिहा, आणि मगच ते मुरमाने भरू द्या.

दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे दिसले तर ते साठवणीचे नाहीत. ताम्रपाषाणयुगात लहान मुलांना असंच, घराच्या जमिनीखाली पुरत. इनामगावला अशी दफनं मोठ्या संख्येने मिळाली. आतली माती झटकू नका, हाडं इवलीशी आणि ठिसूळ असतात. झाका, यंत्र हलवा, संचालनालयाला आणि डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेला कळवा. कुठलंही मानवी हाड असो, पोलीस पाटील आणि पोलीस ठाण्याला खबर द्यायचीच; ते जुनं की अलीकडचं हे चरात उभं राहून ठरवू नये. वागणंही नीट हवं. फोटोसाठी गर्दी नको, कवटी हातात घेऊन उभं राहणं नको.

शिलालेख किंवा वीरगळ निघाला तर संध्याकाळपर्यंत त्याला शेंदूर लागू शकतो. भाविकांशी वाद घालू नका. त्यांना आधी पंधरा मिनिटं मागा. अक्षरांत खडू किंवा पीठ भरायचं नाही, तारेचा ब्रश नाही. पाण्याने आणि मऊ ब्रशने माती काढा, अंधार पडल्यावर एका बाजूने टॉर्च धरून चारही दिशांनी फोटो घ्या. ठसा घ्यायला जाणकार बोलवा.

नाण्यांचा घडा मात्र सर्वांत अवघड, कारण त्याची बातमी पाच मिनिटांत गावभर होते. तो उघडू नका, मोजू नका. ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि तलाठ्यासमोर पंचनामा, घडा जसाच्या तसा सीलबंद, त्याच दिवशी तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे. तांब्याचं सुटं नाणं सापडलं तरी ते चिंचेने घासायचं नाही. गंजाबरोबर अक्षरंही जातात.

चरात उतरण्याबद्दल

दीड मीटरहून खोल चराला आधार लावल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही; भारतीय मानक 3764 हेच सांगतं आणि पांढरीत तर हा आकडाही धाडसाचा आहे, कारण ती कोरडी असते तेव्हा काही इशारा न देता सुटते. खोल चरात वरूनच, दांड्यावरच्या कॅमेऱ्याने, एकमेकांवर सत्तर-ऐंशी टक्के चढतील असे फोटो घ्या आणि मोजपट्टी दोरीने सोडा. त्यातून छेदाचं मापात चित्र संगणकावर तयार होतं. यंत्र चालू असताना चरात माणूस नाही. जुना शोषखड्डा फुटला तर विषारी वायू असतो, वास आला नाही तरी असतो. अवकाळी पावसाने चर भरला तर पाणी उपसल्यावर बाजू दिवसभर सुटत राहतात.

संध्याकाळचं काम

वस्तू पिशवीत, पिशवीत एक लेबल आणि बाहेर दुसरं. मार्करची शाई उन्हात उडते, म्हणून आतलं लेबल पेन्सिलने. त्यावर गाव, तारीख, मॅनहोल कुठून कुठे, चेनेज, थर, पातळी, सही. खापरं सावलीत वाळवा आणि मगच पिशवी बंद करा, नाहीतर बुरशी येते. धातू, नक्षीची कच्ची भांडी, हाडं धुवायची नाहीत. कोळसा चिमट्याने उचलून फॉइलमध्ये. हात, कापूस, कागद त्याला लागू नये.

दैनंदिनीत त्या दिवशी जे पाहिलं नाही तेही लिहा. "मॅनहोल 14 ते 15: आल्यावर बुजवलेलं" ही नोंद आणि "मॅनहोल 15 ते 16: तळापर्यंत पाहिलं, मुरूम, काही नाही" ही नोंद या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालात दोन्ही 'काही सापडलं नाही' या एकाच रकान्यात गेल्या तर पुढच्या अभ्यासकाची फसगत होते.

अहवाल काम संपल्यावर तीन महिन्यांत लिहा, तोवर रेखाटनं अजून वाचता येतात. त्यात रेषेचा नकाशा तीन रंगांसह, मॅनहोलचे छेद, थरांचा तक्ता, वस्तूंची यादी आणि त्या कुणाच्या ताब्यात दिल्या त्याची पोच. प्रती संचालनालयाला, जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाला आणि ग्रामपंचायतीला. अभियंता काम झाल्यावर प्रत्यक्षात टाकलेल्या रेषेचा जो नकाशा काढतो, त्याच्यावरच जोत्यांच्या, पेवांच्या आणि पांढरीच्या तळाच्या खुणा चढवून घ्या. पुढच्या वेळी नळासाठी किंवा केबलसाठी रस्ता खोदणारा माणूस तुमचा अहवाल उघडणार नाही, पण तो नकाशा उघडेल.